पाच संगणक आणि काळे पडदे: पूर्व भागातल्या एका डिझाइन ऑफिसचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात चादर आणि टॉवेलच्या कारखान्यांना डिझाइन काढून देणारी छोटी ऑफिसं आहेत. त्यातल्या एकाने प्रोसेसरच्या नावातलं एक अक्षर हलक्यात घेतलं, त्याची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रकमा त्यांच्या बिलांवरच्याच, फक्त शंभरात गोल केलेल्या. मी शहरात संगणक जोडायचं आणि दुरुस्तीचं काम करतो आणि या प्रकरणात माझाही एक वाटा आहे. तो मी झाकून ठेवणार नाही.

ऑफिसचे मालक अण्णा. घरी तेलुगू, धंद्यात मराठी, हिशेबाला दोन्ही. त्यांनी सुरुवात केली तेव्हा डिझाइन आलेख कागदावर निघायचं. एक चौकोन म्हणजे ताण्याबाण्याची एक गाठ, तो रंगवायचा आणि त्यावरून जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राचे, पत्ते पाडायचे. आता तेच चौकोन पडद्यावर रंगवतात आणि फाइल पेन ड्राइव्हवरून इलेक्ट्रॉनिक जेकार्डला जाते. काम बारीक असलं तरी संगणकाला जड नाही. मोठा पडदा हवा, डोळ्यांना त्रास न देणारं चित्र हवं आणि फाइल साठवताना मशीन अडकायला नको. एवढंच.

ऑफिसात पाच संगणक होते. चार संगणक इंटेल कंपनीच्या कोअर आय३-३२२० या प्रोसेसरवर (मुख्य चिपवर) चालणारे, म्हणजे २०१२ सालच्या पिढीचे, आणि एक त्याहून जुना, कोअर टू ड्युओचा. सगळ्यांवर विंडोज ७. डिझाइनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती विंडोज ७ वर चढेना, म्हणून पाचही मशीन बदलायचं ठरलं. दिवाळीच्या टॉवेलच्या ऑर्डरी तोंडावर होत्या. खरेदी पुतण्याकडे आली. बीसीए झालेला, हुशार, हात चालणारा पोरगा.

निर्णय कसा झाला

दसऱ्याच्या ऑनलाइन सेलमध्ये पुतण्याने कोअर आय३-१२१०० बघितला. चार कोर (चिपमधले काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी पेलायची कामं), त्यांच्या कामाला भरपूर. किंमत ९,७००. त्याच पानावर खाली १२१००एफ दिसला, ७,४०० ला. कोर तेवढेच, थ्रेड तेवढेच, वेगही तोच. फरक एका अक्षराचा आणि २,३०० रुपयांचा. पाच नगांवर ११,५०० वाचत होते. त्याने एफचा अर्थही शोधला होता, आंधळेपणाने घेतलं असं अजिबात नाही. ‘एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही’ हे त्याला माहीत होतं. अण्णांना त्याने तसंच सांगितलं. अण्णा म्हणाले, “आपल्याला कशाला पाहिजे ग्राफिक्स? पोरं काय इथं गेम खेळायला येत्यात?”

माझ्या मते सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. बोलीत ‘ग्राफिक्स’ म्हणजे गेम, थ्रीडी, सिनेमाची कामं. संगणकाच्या आत मात्र तो शब्द फार साध्या गोष्टीला लागतो. पडद्यावर जे काही दिसतं, अगदी काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरंसुद्धा, ते कुणीतरी तयार करून पडद्याकडे धाडावं लागतं. ते काम करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स. तो प्रोसेसरच्या आत असतो किंवा वेगळ्या कार्डावर असतो. दोन्हीकडे नसला तर पडदा काळा.

अण्णांची समजूत मुळात चुकीची होती असंही नाही, ती जुनी झाली होती. ते म्हणायचे, “स्क्रीन बोर्डावर येते.” कोअर टू ड्युओच्या काळात ते खरंच होतं. जी३१, जी४१ अशा मदरबोर्डांच्या चिपसेटमध्येच (बोर्डावरच्या मदतनीस चिपमध्येच) ग्राफिक्स असायचं आणि प्रोसेसर कुठलाही बसवला तरी चित्र यायचं. २०१० नंतर ते प्रोसेसरकडे सरकलं, पण इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांत ते जवळपास नेहमीच असल्यामुळे गिऱ्हाइकाला हा बदल कधी जाणवलाच नाही. मागच्या पोर्टात केबल लावली की चित्र यायचं. मग २०१९ च्या सुरुवातीला नवव्या पिढीत इंटेलने एफ अक्षराचे प्रोसेसर काढले. १४ नॅनोमीटरच्या चिपांचा तुटवडा तेव्हा चालू होता. आतलं ग्राफिक्स बंद असलेल्या चिपाही अशा विकता येऊ लागल्या. बाराव्या पिढीत इंटेलची आपली यादीतली किंमत बघा: १२१०० ला १२२ डॉलर, १२१००एफ ला ९७. सवलत खरीच आहे, पण ती कार्ड घेणाऱ्यासाठी ठेवलेली आहे.

आता माझा वाटा. खरेदीच्या आदल्या संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. “दादा, बारा हजार शंभर एफ घ्यायलोय, एच६१० बोर्डावर बसतंय का?” मी दुसऱ्याचं मशीन उघडून बसलो होतो. म्हणालो, “बसतंय की. एलजीए १७०० आहे, बायोसचं पण टेन्शन नाही.” म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, सॉकेट, जुळते आणि मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम, बायोस, त्याला ओळखतो. उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. पण एफ ऐकून ‘कार्ड कुठलं टाकणार?’ असं मी विचारलं नाही. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न होता.

अडचण

सामान आलं. प्रोसेसर ट्रेमधले होते, म्हणजे कंपनीच्या खोक्याशिवाय, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात. इंटेलच्या एफ प्रोसेसरच्या खोक्यावर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल अशी सूचना छापलेली असते. ट्रेच्या मालाला खोकंच नाही, तर सूचना कुठून दिसणार? ट्रेचा माल घेऊ नये असं मी म्हणत नाही, मीही घेतो. पण ही शेवटची पाटी वाटेतच गळून पडली, हे खरं.

रविवारी पुतण्याने पहिलं मशीन जोडलं. पंखा फिरला, दिवे लागले, मॉनिटरवर ‘सिग्नल नाही’. केबल बदलली. एचडीएमआय काढून व्हीजीए लावली. रॅम काढून खोडरबराने घासली. बोर्डाचा सेल काढून बसवला. काही नाही. दुसरं जोडलं, तेच. तिसरं, तेच. रात्री नऊला त्याने निष्कर्ष काढला की बोर्डांची अख्खी खेप खराब आहे, आणि दोन बोर्ड परत करायची नोंद टाकूनही दिली. न्यायला माणूस मंगळवारी येणार होता.

तिन्ही मशीन अगदी एकसारखी रुसली होती. एखादा बोर्ड खराब निघतो, दोन निघणं म्हणजे नशीब फुटकं. पण तीन मशीन एकाच जागी, एकाच लक्षणाने अडत असतील तर बिघाड शोधायचं थांबवून जोडणीकडे बघायला हवं होतं. हे मी आज म्हणतोय. त्या रात्री समोर ऑर्डरी आणि पाठीमागे काका उभे असताना सुचलं असतं का, सांगता येत नाही.

सोमवारी मला बोलावलं. कॅबिनेटला स्पीकर नव्हता. हल्ली स्वस्त कॅबिनेटला तो देतच नाहीत. मी बॅगेतला छोटा बझर बोर्डाच्या पिनांवर लावला. एक लांब आवाज आणि तीन तोकडे. त्या बोर्डाच्या पुस्तिकेत याचा अर्थ सरळ लिहिला आहे: ग्राफिक्स सापडत नाही. पुतण्याला बिल काढायला सांगितलं. प्रत्येक ओळीत १२१००एफ. तेव्हा फोनवरचं बोलणं मला आठवलं आणि दोन मिनिटं कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

इथं अजून एक फाटा फुटला, आणि माझ्यासारख्यांच्या तो उपयोगी पडेल. तपासणीसाठी माझ्या बॅगेत जीफोर्स २१० हे २००९ सालचं कार्ड असतं. ते लावलं, तरी पडदा काळा. मग मलाही वाटलं की पोरगा म्हणतोय ते खरं, बोर्डच गेलेत. अर्धा तास त्यात गेला. कारण वेगळंच होतं. इतक्या जुन्या कार्डातला बायोस जुन्या पद्धतीचा असतो आणि नव्या बोर्डांना यूईएफआय नावाच्या नव्या पद्धतीचा लागतो. जुना चालवायचा तर बोर्डाच्या सेटिंगमध्ये सीएसएम (जुनी पद्धत चालू देणारी सोय) चालू करावं लागतं. ते या बोर्डावर बंद होतं, आणि चालू करायला आधी पडदा दिसायला हवा. किल्ली कुलपाच्या आत. घरी जाऊन माझ्या मशीनमधलं जीटी १०३० हे त्याहून नवं कार्ड आणलं, लावलं आणि चित्र आलं. तेच कार्ड पाचही मशीनवर फिरवलं. पाचही बोर्ड ठणठणीत होते. मंगळवारच्या माणसाला परत जायला सांगितलं.

पर्याय

संध्याकाळी चहा घेत सगळे बसलो. पहिली सूचना पुतण्याची: प्रोसेसर ‘खराब निघाले’ म्हणून परत करू. विक्रेत्याच्या नियमात गरजेला उतरत नाही म्हणून परत घ्यायची सोय नव्हती, खराब निघाला तर बदली होती. अण्णांना खोटं बोलणं पटेना. मी हिशेबाची बाजू सांगितली: बदली म्हणजे पुन्हा १२१००एफच येणार. खोटं बोलून जागच्या जागीच राहायचं होतं.

दुसरी सूचनाही त्याचीच, आणि डोकं चालवलेलं होतं. एकच कार्ड फिरवून पाचही मशीनवर विंडोज टाकायचं आणि मग यूएसबीतून एचडीएमआय काढणारा जोड लावून काम करायचं. विंडोज चालू असताना तसा जोड चित्र देतो हे खरं. पण तो ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजमधल्या जोडप्रोग्रामवर, चालतो. बायोस दिसत नाही, विंडोज चालूच झालं नाही तर का ते दिसत नाही. दिवसभर बारीक चौकोन रंगवायच्या पडद्याला ते लावायची माझी तयारी नव्हती.

मग कार्डं. जीटी १०३० चांगलं, पण तेव्हा ६,५०० च्या आसपास. ७,४०० च्या प्रोसेसरला ६,५०० चं कार्ड लावून चौकोन रंगवायचे, हे अण्णांनीच उडवून लावलं. जीटी ७१० नवं ३,१०० ला मिळत होतं. वीज १९ वॅट, वेगळी वायर नको, दोन पडदे चालतात. तोटा असा की ते केप्लर नावाच्या जुन्या पिढीचं आहे. त्या पिढीसाठी कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०२१ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडून नवे ड्रायव्हर काढणं थांबवलं. साध्या पडद्याला आज चालतं, पण नवी खरेदी करताना आधीच म्हातारं झालेलं जनावर घेतल्यासारखं वाटतं. जुन्या बाजारात तेच कार्ड १,२०० ला मिळत होतं, पण २१० ने दिलेला धडा ताजा होता. कुठल्या जुन्या कार्डात कुठला बायोस असेल, लावल्याशिवाय कळत नाही.

आणि पंखा. हे सोलापूरबाहेरच्यांना चटकन लक्षात येणार नाही. शेजारी माग चालतात. हवेत सुताचा भुगा असतो. महिन्याभरात मशीन उघडा, आत कापसाची पातळ गादी बसलेली असते. प्रोसेसरचा मोठा पंखा ती फेकत राहतो. स्वस्त कार्डावरचा रुपयाएवढा पंखा मात्र गुदमरतो. ऑफिसच्या मशीनमध्ये जितके छोटे पंखे, तितके माझे फेरे.

शेवटचा पर्याय म्हणजे प्रोसेसर विकून १२१०० घेणं. १२१००एफ वाईट माल नाही, उलट स्वस्तात गेमिंग मशीन बांधणाऱ्यांची त्याच्यावर नजर असते, कारण त्यांना कार्ड घ्यायचंच असतं. शहरातला एक गेमिंगवाला ६,००० ला एक या दराने घ्यायला तयार झाला, पण तीनच. त्याच्याकडे तेवढीच गिऱ्हाइकं होती.

याहून स्वस्त पेंटियम गोल्ड जी७४०० चा विषयही निघाला. आत ग्राफिक्स असतं, त्याच सॉकेटवर बसतो. पण कोर दोनच. पाच-सात वर्षं काढायचं मशीन आहे म्हणून तो आम्ही फार वेळ चघळला नाही.

काय केलं

तीन प्रोसेसर ६,००० प्रमाणे विकले. तीन १२१०० घेतले, या वेळी खोक्यातले. उरलेल्या दोन एफ मशीनना जीटी ७१० टाकलं. गावात नवी जीटी ७१० दोनच शिल्लक होती, बाकी पुण्याहून यायला आठवडा लागणार होता. म्हणजे हा मेळ कुणी फार विचार करून घातलेला नाही. एका बाजूला गेमिंगवाल्याला तीन हवे होते, दुसऱ्या बाजूला दुकानात दोन कार्डं होती. बेरीज पाच झाली.

प्रोसेसर बदलताना सगळ्यात जास्त भीती बोर्डाची होती. एलजीए १७०० च्या पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही, आणि एक वाकली तरी बोर्ड जातो. ते काम मी पुतण्याला माझ्यासमोर करायला लावलं. हात थरथरत होते, पण केलं.

हिशेब असा. पाच एफचे ३७,००० गेले होते. विक्रीतून १८,००० परत आले. तीन १२१०० चे २९,१०० आणि दोन कार्डांचे ६,२०० लागले. एकूण ५४,३००. सुरुवातीलाच पाच १२१०० घेतले असते तर ४८,५००. ११,५०० वाचवायला निघालेल्यांना ५,८०० जास्त लागले, आणि सहा दिवस काम जुन्याच मशीनवर अर्ध्या वेगाने चाललं. त्या सहा दिवसांचा हिशेब अण्णांनी मांडला नाही. मीही विचारला नाही. माझी मजुरी मी घेतली नाही. अण्णा द्यायला लागले तेव्हा फोनची गोष्ट सांगितली. ते एवढंच म्हणाले, “तुम्हाला विचारलं तेवढं तुम्ही सांगितलं की.” मला ते लागलं.

निकाल

दिवाळीची ऑर्डर वेळेत गेली. तीन खोक्यातल्या १२१०० वाल्या मशीनचा त्यानंतर मला एकही फोन आलेला नाही. चित्र प्रोसेसरच्या आतल्या यूएचडी ७३० ग्राफिक्सवर चालतं आणि चौकोन रंगवणाऱ्याला कार्डवाल्या मशीनपेक्षा काही कमी वाटत नाही. कोण कुठल्या मशीनवर बसतो याची तक्रार नाही, म्हणजे फरक नाही.

कोरड्या हिशेबाने एक गोष्ट टोचते. पाचही मशीनना जीटी ७१० घातलं असतं तर ५२,५०० मध्ये भागलं असतं, आम्ही केलं त्याहून १,८०० ने कमी. आठवडाभर थांबायला लागलं असतं आणि पाच छोटे पंखे आत आले असते. तेव्हा मला आमचा निर्णय बरोबर वाटत होता, पण छातीठोकपणे सांगता आलं नसतं. उन्हाळ्यात उत्तर आलं. मे महिन्यात कार्डवाल्या एका मशीनचा पडदा मधेच काळा व्हायला लागला. उघडलं तर पंखा भुग्याने जाम, हात लावला तर चटका.

आज परत करायचं तर

पहिली गोष्ट, पाचाऐवजी एक संच मागवायचा. एक मशीन जोडून, पडद्यावर डिझाइन उघडून मगच उरलेल्या चारांची ऑर्डर. सेल संपेल म्हणून घाई झाली, पण एका नगाला २,३०० चा फरक होता. चुकायचं तर एकावर चुकलो असतो.

दुसरी, बोर्डाच्या माहितीत मागच्या पोर्टांच्या यादीजवळ बारीक अक्षरात एक ओळ असते: हे पोर्ट प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तरच चालतात. बोर्डावर एचडीएमआयचं भोक आहे म्हणजे त्यातून चित्र येईल, असं नाही. पुतण्याने बोर्ड निवडताना भोकं मोजली होती, ओळ वाचली नव्हती.

तिसरी, अक्षरांचा नियम एका कंपनीकडून दुसरीकडे नेऊ नये. मी तेव्हापासून काउंटरच्या काचेखाली एक कागद लावला आहे. इंटेलच्या आय३, आय५ मध्ये शेवटी काही नसेल तर आत ग्राफिक्स आहे, एफ असेल तर नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या एएम४ सॉकेटवर नेमकं उलटं: रायझन ५ ५६०० किंवा ५५०० ला अक्षर नाही आणि ग्राफिक्सही नाही. ५६००जी, ५५००जीटी यांना आहे. त्यांच्याच रायझन ७००० पासून बहुतेकांना पडद्यापुरतं ग्राफिक्स आलं, पण ७५००एफ, ८४००एफ यांना नाही. ‘अक्षर नाही म्हणजे सगळं आहे’ असं इंटेलवर शिकलेला माणूस एएम४ वर हमखास पडतो. गेल्या वर्षी एका क्लासवाल्याने ५५०० चे दोन संच असेच माझ्या काउंटरवर आणून ठेवले. आधी कागद दाखवला, मग चहा सांगितला.

चौथी माझी. ‘बसतंय का?’ असं कुणी विचारलं की आता मी उलट विचारतो, “पडद्याची वायर कुठं लावणार?” कार्डाला म्हणाला तर पुढचं बोलणं. बोर्डाला म्हणाला आणि प्रोसेसरला एफ असेल तर तिथंच थांबवतो.

एफ प्रोसेसर कुणी घेऊच नये असं यातून कुणी काढू नये. ज्याच्याकडे चालू कार्ड पडून आहे किंवा जो गेमसाठी कार्ड घेणारच आहे, त्याने १२१००एफ खुशाल घ्यावा, वाचलेले पैसे कार्डात घालावेत. तरी एक सांगतो. आत ग्राफिक्स असलं की कार्ड बिघडलं त्या दिवशी केबल बोर्डाला लावून काम चालू राहतं. जिथं मशीन बंद म्हणजे धंदा बंद, तिथं त्या २,३०० मध्ये हा आधारही येतो.

मे महिन्यातल्या त्या मशीनला पुतण्याने स्वतःच १२१०० मागवला. मागवायच्या आधी फोन केला, म्हणाला, “दादा, खोक्यातला, एफ नसलेला, एकच.” त्यातून निघालेलं जीटी ७१० साफ करून मी ठेवून घेतलं. त्याचा बायोस यूईएफआयवाला निघाला. आता तपासणीच्या बॅगेत २१० च्या जागी तेच असतं.